आधी नेम, मग वेग

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना साधारण वीस किलोमीटरवर वळसंग लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले, ज्वारीच्या काळ्या रानाचे हे गाव. इथे मराठीइतकीच कानडीही कानावर पडते. अशा गावातल्या एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर पिस्तूल नेमबाजी येते ती बहुधा एकाच रूपात. नेमबाजाच्या कमरेला होल्स्टर असते, टायमर वाजताच पिस्तूल बाहेर येते, आडोशाआडून दोन गोळ्या सुटतात, पुढे धाव, पुन्हा तीन गोळ्या, मॅगझिन बदल, आणि शेवटच्या लक्ष्यावर घड्याळ थांबते. स्वसंरक्षणाच्या प्रसंगांवर बेतलेली ही स्पर्धात्मक नेमबाजी पाहून कुणाला वाटले की आपणही हे शिकावे, तर त्यात गैर काही नाही. सुरुवात कुठून करायची, एवढाच प्रश्न आहे. माझे उत्तर असे : दहा मीटरवरच्या एअर पिस्तुलापासून, एका हाताने, एका जागी उभे राहून, कागदाच्या चौकोनावर. सोलापूर जिल्ह्यात दुसरे काही मिळत नाही म्हणून नाइलाजाने पत्करलेली ही वाट नाही. त्या वेगवान खेळात जे कौशल्य जिंकून देते ते इथेच सर्वांत स्वच्छ शिकता येते, आणि आपल्या देशाचा कायदाही नवख्याला याच दाराने आत घेतो.

आधी तो वेगवान खेळ मुळात काय आहे ते पाहू. त्याचे दोन मोठे प्रवाह आहेत. पहिला 'इप्सिक', म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग महासंघाचा. तो १९७६ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातील कोलंबिया येथे स्थापन झाला आणि जेफ कूपर त्याचे पहिले अध्यक्ष होते. दुसरा 'आयडीपीए', म्हणजे आंतरराष्ट्रीय डिफेन्सिव्ह पिस्तूल संघटनेचा, तो १९९६ सालचा. शर्यतीसाठी खास घडवलेली महागडी पिस्तुले मागे सारून माणूस रोज बाळगू शकेल अशीच शस्त्रे वापरायची, पिस्तूल कपड्याखाली झाकलेले ठेवायचे, आडोसा घेऊनच गोळी झाडायची, असा आयडीपीएचा आग्रह. दोन्हींत वेळ मोजली जाते, म्हणून बघणाऱ्याला वाटते की जो चपळ तो जिंकणार. गुण देण्याची पद्धत मात्र वेगळेच सांगते. आयडीपीएमध्ये नेमबाजाने घेतलेल्या सेकंदांत, मधल्या भागाबाहेर गेलेल्या प्रत्येक गोळीमागे दंडाचे सेकंद मिळवतात. २०१७च्या नियमांपासून गमावलेल्या प्रत्येक गुणाला पूर्ण एक सेकंद पडतो. त्याआधी अर्धाच पडत असे. म्हणजे चुकीची किंमत संघटनेने दुप्पट केली. समजा, एकाने बारा गोळ्या चौदा सेकंदांत झाडल्या पण नऊ गुण गमावले. त्याची नोंद तेवीस. दुसऱ्याला अठरा सेकंद लागले आणि त्याने दोनच गुण गमावले. त्याची नोंद वीस. चार सेकंद मागे पडूनही दुसरा जिंकतो. या खेळाच्या हिशेबातच नेमाला वेगापेक्षा वरची जागा आहे, आणि नवख्याचे चपळाईचे वेड पहिल्याच स्पर्धेत महागात पडते.

आता भारतातली परिस्थिती. या स्पर्धांमध्ये जगभर सर्वाधिक चालणारे ९ मिमी पॅराबेलम काडतूस आपल्याकडे निषिद्ध बोरमध्ये मोडते. सामान्य नागरिकाला त्या पिस्तुलाचा परवाना मिळत नाही. नागरिकाच्या वाट्याला येते ते प्रामुख्याने .३२ बोरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, आणि खेळासाठी .२२. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. वळसंग ग्रामीण हद्दीत असल्याने अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, त्यावर पोलिसांची चौकशी होते, आणि परवाना मिळणे हा हक्क समजता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. पण याच कायद्याने खेळासाठी एक दार मुद्दाम उघडे ठेवले आहे. प्रशिक्षणासाठी, देखरेखीखाली, बाराव्या वर्षापासून नेमबाजी करता येते. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिमी बोरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या खूप आत असते : सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातो, म्हणजे ऊर्जा पाच-सहा ज्यूल. ९ मिमीच्या गोळीत ती चारशे-पाचशे ज्यूल असते. कायद्याने आखलेली ही पायरी आणि शिकण्याच्या दृष्टीने योग्य असलेली पायरी योगायोगाने एकच आहे. ती का, हे जवळून पाहायला हवे.

एअर पिस्तुलाचे लक्ष्य म्हणजे १७ सेंटिमीटरचा कागदी चौकोन. त्यावरचे काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटर व्यासाचे आणि दहा गुणांचे वर्तुळ केवळ ११.५ मिलिमीटरचे, शर्टाच्या गुंडीएवढे. दहा मीटरवरून, पाठीला वा कोपराला कुठलाही आधार न घेता, एका हाताने धरलेले पिस्तूल हलणारच. नवख्याची सारी धडपड हे हलणे थांबवण्याची असते आणि तिथेच तो चुकतो. साधे गणित करू. हात थरथरला आणि संपूर्ण पिस्तूल पाच मिलिमीटर बाजूला सरकले, पण नेम धरण्याची पुढची आणि मागची साइट एका रेषेत राहिली, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. म्हणजे तो अजून दहाच्या वर्तुळातच आहे. याउलट हात अगदी स्थिर असला, पण मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट एक मिलिमीटर बाजूला गेली, तर काय होते? दोन्ही साइटमधले अंतर साधारण ३३ सेंटिमीटर असते. दहा मीटरवर त्या एका मिलिमीटरचे तीस मिलिमीटर होतात आणि दहाचा नेम सातावर जातो. हाताच्या थरथरीपेक्षा साइटची रेषा चुकणे कितीतरी पट घातक. म्हणून प्रशिक्षक पुन्हा पुन्हा सांगतात की नजर पुढच्या साइटवर ठेवा, लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल. ही सूचना पहिले काही आठवडे कुणालाच पटत नाही, कारण ज्यावर मारायचे त्याकडे बघायचे हा माणसाचा स्वभाव आहे. कागदावरचे सात आणि आठ मोजूनच ती पटते.

हेच गणित कमरेला लावण्याच्या पिस्तुलाला लावले की माझा मुद्दा आणखी पक्का होतो. त्याच्या दोन साइटमधले अंतर पंधरा-सोळा सेंटिमीटरच असते. तीच एक मिलिमीटरची चूक दहा मीटरवर सहा सेंटिमीटरची होते आणि वीस मीटरवर बारा सेंटिमीटरच्या पुढे जाते. आयडीपीएच्या लक्ष्यावर दंड न पडणारे मधले वर्तुळ आठ इंची आहे, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत सुमारे दहा सेंटिमीटर. मिलिमीटरभर रेषा चुकलेली गोळी वीस मीटरवर त्या वर्तुळाबाहेर पडणार. पळून आल्यावर, धाप लागलेली असताना, आडोशाआडून वाकून ती रेषा जुळवायची आहे. ज्याला शांत खोलीत, हवा तेवढा वेळ घेऊन ती जुळवता येत नाही, त्याला धावपळीत ती जुळेल कशी?

दुसरी गोष्ट ट्रिगरची. साइट बिघडते ती बहुतेक वेळा ट्रिगर दाबण्याच्या क्षणी. आवाज होणार, झटका बसणार हे शरीराला आधीच कळते आणि मनगट खाली झुकते, मूठ आवळली जाते, खांदा पुढे येतो. बंदुकीच्या मोठ्या आवाजात आणि झटक्यात ही चूक झाकली जाते. गोळी खाली गेली की नवखा पिस्तुलाला किंवा काडतुसाला दोष देतो. एअर पिस्तुलाला झटका जवळजवळ नसतो आणि आवाजही बेताचा असतो, त्यामुळे चूक लपायला जागाच राहत नाही. शिवाय हळू जाणारा छर्रा .२२च्या गोळीपेक्षा जास्त वेळ नळीत असतो. ट्रिगर दाबल्यानंतर लगेच हात सोडला तर त्या सेकंदाच्या सूक्ष्म भागातली ढिलाईसुद्धा कागदावर उमटते. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा दाब असावा लागतो. तो पहिल्या टप्प्यापर्यंत हलकेच घ्यायचा, तिथे थांबायचे, साइट जुळलेली असताना दाब एकसारखा वाढवत न्यायचा, आणि छर्रा सुटल्यावरही दोन-तीन सेकंद हात तसाच ठेवून पुढच्या साइटकडे पाहत राहायचे. हे सगळे छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोरही करता येते. समोर लक्ष्यच नसल्याने नजर आपोआप साइटवर येते आणि ट्रिगर दाबताना साइट किती उडते ते उघड दिसते. ड्राय प्रॅक्टिस म्हणतात ती हीच. जगातले उत्तम नेमबाजही तिला मोठा वेळ देतात, आणि तिला भिंतीपलीकडे फारसा खर्च नाही.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. एका जागी, एका हाताने, मिनिटाला एक छर्रा झाडणाऱ्याचा त्या धावत्या खेळाशी संबंध काय? तिथे पिस्तूल दोन हातांनी धरतात, झटका सोसून दुसरी गोळी पाव सेकंदात झाडायची असते, होल्स्टरमधून काढणे, आडोसा, मॅगझिन बदलणे हे सारे वेगळेच शास्त्र आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. एअर पिस्तूल यातले काहीच शिकवत नाही, आणि फक्त एअर पिस्तूल मारणारा माणूस उद्या आयडीपीएच्या स्पर्धेत उतरला तर गोंधळेल. पण दोन्ही उणिवांची तुलना करा. होल्स्टर, पवित्रा, मॅगझिन बदल या ठरावीक हालचाली आहेत. रिकाम्या पिस्तुलावर, नीट शिकवणाऱ्याच्या हाताखाली त्या बसवता येतात. ट्रिगरला हिसका देण्याची सवय मात्र एकदा अंगात मुरली की वर्षानुवर्षे जात नाही, कारण ती विचाराच्या आधी घडते. तालमीत वस्ताद पोराला आधी जोर-बैठका काढायला लावतो आणि डाव नंतर देतो. अंगात ताकद नसताना शिकलेला डाव ऐन वेळी निसटतो, हे त्याने पाहिलेले असते. पिस्तुलाच्या बाबतीत नजर आणि ट्रिगर म्हणजे ती ताकद.

शिवाय दहा मीटर ते धावता खेळ यांच्या मधे एक पूल आहे आणि तो आपल्या राष्ट्रीय स्पर्धांच्या चौकटीतच आहे. तो म्हणजे २५ मीटर पिस्तूल. महिलांच्या या प्रकारात .२२चे पिस्तूल असते आणि साठ गोळ्या दोन भागांत झाडतात. पहिल्या तीस संथ : पाच गोळ्यांना पाच मिनिटे. पुढच्या तीस वेगाच्या. नेमबाज हात ४५ अंशांहून वर नाही अशा बेताने खाली धरून उभी राहते. लक्ष्य तीन सेकंद खुले होते, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी झाडायची. मग सात सेकंद लक्ष्य बंद. पुन्हा तीन सेकंद. अशा पाचपाचच्या फैरी. या तीन सेकंदांचा हिशेब शिकण्यासारखा आहे. हात वर येत असतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घेतला जातो, काळ्या वर्तुळात शिरण्यापूर्वी नजर पुढच्या साइटवर स्थिरावते, आणि उरलेला वेळ दाब पूर्ण करण्यासाठी राहतो. घाईने हात फेकणारी वर पोहोचते लवकर, पण तिथे साइट शोधत बसते. पुरुषांच्या सेंटर फायर प्रकारात हीच रचना मोठ्या बोरने होते आणि आपल्याकडे त्यासाठी .३२ वापरतात. स्टँडर्ड पिस्तुलात पाच गोळ्यांना १५० सेकंद, मग २०, मग १० मिळतात. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर रॅपिड फायरमध्ये तर पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायच्या. त्याची लक्ष्ये पूर्वी माणसाच्या आकृतीची असत. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय लष्कराच्या विजय कुमारने रौप्य मिळवले ते याच प्रकारात. वेळेच्या दडपणाखाली नेम, हा स्वसंरक्षण शैलीचा गाभा इथे पूर्ण शिकता येतो, आणि तोही कायद्याच्या चौकटीत.

या वाटेने माणूस कुठवर जाऊ शकतो याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली कोरियातील चांगवॉन येथे २५ मीटर पिस्तुलात विश्वचषक स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. पिस्तूल प्रकारात असे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांग येथे अंतिम फेरीअखेर ती आणि थायलंडची नफस्वान यांगपायबून दोघी ३४वर बरोबरीत होत्या. निकाल शूट-ऑफवर गेला, राही जिंकली, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्या अंतिम फेरीचा नियम ध्यानात घेण्यासारखा आहे : प्रत्येक गोळी १०.२ किंवा त्याहून चांगली बसली तरच एक, नाहीतर शून्य. जवळपास लागली, याला काही किंमत नाही. तीन सेकंद, हृदयाचे ठोके वाढलेले, समोर प्रतिस्पर्धी, आणि गोळी लागली किंवा नाही एवढाच हिशेब. वेगाचे आणि दडपणाचे शिक्षण धावल्याशिवाय होत नाही, असे म्हणणाऱ्याने ही फेरी पाहावी.

सुरक्षेचा मुद्दा मी मुद्दाम स्वतंत्र घेतो, कारण वेगवान खेळात तोच पहिला आहे. इप्सिकमध्ये नेमबाजाच्या हातून नको तेव्हा गोळी सुटली, भरलेले पिस्तूल खाली पडले, किंवा नळी ठरलेल्या कोनाबाहेर मागे वळली, तर त्याला त्याच क्षणी स्पर्धेतून बाद करतात. तिथे गुण वजा करून भागत नाही. पळताना, मॅगझिन बदलताना बोट ट्रिगरपासून दूर आणि नळी समोर, ही सवय मेंदूला आठवण न देता पाळली गेली पाहिजे. ती पळताना शिकता येत नाही. दहा मीटरच्या रेंजवर तीच सवय संथपणे, हजारो वेळा होते : पिस्तूल नेहमी भरलेलेच समजायचे, नळी कायम लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट बाहेर, छर्रा भरण्याआधी हुकुमाची वाट पाहायची, 'स्टॉप' ऐकताच थांबायचे, खाली ठेवताना नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायचा, कुणी लक्ष्याकडे गेले असेल तर शस्त्राला हात लावायचा नाही. एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही. त्याच्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. घराच्या अंगणात, गच्चीवर, रानात पाखरांवर ते चालवणे हा या खेळाचा भाग नव्हे. सुरक्षित भिंत, छर्रे अडवणारी पेटी, आणि रेषेच्या मागे उभे असलेले सगळे, एवढे नसेल तर सराव करू नये.

दुसरा आक्षेप खेड्यात हमखास ऐकू येतो : खेळबिळ राहू द्या, वस्तीवर राहतो, रात्री-अपरात्री शेतावर जावे लागते, स्वसंरक्षणाचा परवाना काढून पिस्तूलच घेऊ. भीती खरी असू शकते आणि परवान्यासाठी अर्ज करण्याचा अधिकारही आहे. पण पिस्तूल हाती आले की संरक्षण आले, हे गृहीत तपासून पाहा. भारतीय न्याय संहितेने खासगी संरक्षणाचा हक्क दिला आहे, आणि त्याची मर्यादाही कलम ३७मध्ये घातली आहे : संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. कोण समोर आहे, धोका अजून आहे की टळला, मागे कुणाचे घर आहे, हे सारे ठरवून मग गोळी. घाबरलेल्या, न शिकलेल्या हाताने हे होत नाही. आणि न शिकलेल्या हातातले शस्त्र प्रत्यक्षात निघते कुठे, तर वरातीत. आनंदाच्या भरात केलेल्या बेपर्वा गोळीबाराला २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले, ते उगीच नाही. ज्याला खरोखर संरक्षणासाठी शस्त्र हवे आहे, त्यालाही माझे सांगणे तेच : आधी रेंजवर जा. आणि ज्याला फक्त वेगवान खेळाचे आकर्षण आहे, त्याने हेही ओळखावे की आयडीपीए किंवा इप्सिक म्हणजे प्रत्यक्ष झटापटीची तालीम नव्हे. तिथे लक्ष्य उलट गोळी झाडत नाही आणि जाण्याचा मार्ग आधी पाहता येतो. तो खेळ आहे, आणि खेळ म्हणूनच तो सुंदर आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा आणि अंतराचा. परदेशी बनावटीचे स्पर्धेचे एअर पिस्तूल लाखाच्या वर जाते. पुण्यातल्या बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल वळसंगहून अडीचशे किलोमीटरच्या पुढे आणि मुंबईतली वरळीची रेंज त्याहून कितीतरी लांब. हा अडथळा खोटा नाही आणि जिद्दीच्या गोष्टी सांगून तो दूर होत नाही. पण दहा मीटर एअर पिस्तूल हाच सर्व नेमबाजी प्रकारांत खेड्याला सर्वाधिक परवडणारा प्रकार आहे, कारण त्याला लागते ते मुळात दहा मीटरचे बंद दालन. शाळेचे सभागृह किंवा रिकामे गोदाम पुरते. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य नसले, वीज गेली, तरी कागद आणि दिवसाचा उजेड चालतो. सोलापूरच्या चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी उभे राहणे अशक्य, म्हणून सराव पहाटेचा. एकेकट्याने पिस्तूल विकत घेण्यापेक्षा क्लबच्या एक-दोन पिस्तुलांवर दहा जण शिकू शकतात, आणि ड्राय प्रॅक्टिसमुळे छर्ऱ्यांचा खर्चही आटोक्यात राहतो. राहीचे आणि २०१०मध्ये म्युनिक येथे जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंतचे कोल्हापूर हे काही महानगर नाही. २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्य आणणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याचा प्रकार रायफलचा, पण खेड्यातल्या मुलाला लहान वयात राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीची शिस्त आणि साधने मिळाली की काय होते, हे त्याच्या वाटचालीत दिसते. खेड्यात मुलांची वाण नाही. तिथे कमतरता आहे ती जवळच्या रेंजची आणि जाणत्या प्रशिक्षकाची.

मार्गही आखलेला आहे. शाळकरी मुलांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत नेमबाजी असते, महाविद्यालयात एनसीसीमुळे .२२ रायफलशी ओळख होऊ शकते. पुढे महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या राज्यस्तरीय स्पर्धा, आणि मग राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. मूळच्या रत्नागिरीकडच्या मराठी घराण्यातल्या या माणसाच्या नावाने आजही अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा होते. सभागृहाची शिस्त सांभाळणाऱ्या माणसाने या देशातल्या नागरी नेमबाजीची घडी बसवली, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडचा हा खेळ संस्थेच्या, नियमांच्या आणि नोंदींच्या आधाराने वाढला आहे. जो नेमबाज राष्ट्रीय पातळीवर ठरलेली गुणसंख्या गाठतो, त्याला शस्त्र आणि काडतुसांच्या बाबतीत कायदा अधिक मोकळीक देतो. मोकळीक मागून मिळत नाही. कागदावरच्या गुणांनी मिळते.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो आई-वडिलांचा असतो : पोरांच्या हातात पिस्तूल द्यायचेच कशाला? या भीतीला मी हसणार नाही. पण पिस्तुलाचे आकर्षण मुलांपर्यंत सिनेमातून आणि मोबाइलवरून पोहोचलेलेच आहे, आणि तिथे ते रुबाबाच्या रूपात येते. रेंजवर ते रूप टिकत नाही. तिथे साठ गोळ्यांसाठी सव्वा तास एका जागी उभे राहावे लागते, प्रत्येक चूक कागदावर राहते, ती दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही, आणि राग आला की गुण लगेच घसरतात. ज्याला शस्त्र मिरवायचे आहे तो या कंटाळ्यात महिनाभरही टिकत नाही. जो टिकतो तो बदलतो : नळी कुठे आहे याचे भान त्याला कायम राहते, आणि गोळी न झाडण्याचा निर्णय घेता येतो. हात स्थिरावला नाही तर पिस्तूल खाली घ्यायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचे. चांगला नेमबाज हे एका स्पर्धेत अनेकदा करतो. झाडायचे नाही असे ठरवून हात खाली आणणे हा या खेळातला सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी धडा आहे. धावत्या खेळात तो शिकवायला वेळच नसतो.

म्हणून वळसंगच्या नवख्या नेमबाजाने क्रम असा ठेवावा. आधी सुरक्षेच्या सवयी. त्या अंगवळणी पडेपर्यंत छर्राही भरू नये. मग कोऱ्या भिंतीसमोर ट्रिगर, मग दहा मीटरवर कागद. इथे गुणांपेक्षा पाच छर्रे किती जवळजवळ पडले ते पाहावे, कारण एकत्र पडलेला पुंजका साइट फिरवून मध्यावर आणता येतो, विखुरलेले छर्रे आणता येत नाहीत. पुंजका आवळला की स्पर्धा. स्पर्धेत मन स्थिरावले की .२२ आणि २५ मीटर, तीन सेकंद, दहा सेकंद. त्यानंतर, वय, परवाना आणि संधी जुळून आली आणि परदेशात वा देशात कुठे रीतसर स्पर्धा मिळाली, तर होल्स्टर आणि आडोसा. हा क्रम उलटा करणारा प्रत्येक टप्प्यावर अडतो : कायद्यापाशी, खर्चापाशी, आणि शेवटी स्वतःच्या मनगटापाशी. गावाच्या बाजूने पाहिले तर काम आणखी सोपे आहे. दहा मीटरचे एक सुरक्षित दालन, जिल्हा संघटनेशी जोडलेला एक प्रशिक्षक आणि क्लबची दोन पिस्तुले एवढ्यावर ही वाट सुरू होते. ती मागणी शाळेकडे, ग्रामपंचायतीकडे आणि क्रीडा कार्यालयाकडे लावून धरणे, हेच वळसंगच्या नेमबाजाचे पहिले लक्ष्य असायला हवे.